बापाचं कातडं

हा-लेबेसे गावात नर उपटायची इर्जिक दरवर्षी मापुलेंगच्या शेतापासून सुरू व्हायची. तसा काही कायदा नव्हता. पण सगळ्या गावाच्या गांज्याचं बी तिच्या घरातून निघायचं, आणि जिच्या घरचं बी तिच्या शेतात पहिला हात, एवढा साधा हिशोब होता. जानेवारीत, विषुववृत्तापलीकडच्या त्या डोंगराळ मुलखात उन्हाळा ऐन भरात असताना, एका सकाळी सगळ्या बाया आणि चालता येतंय असे म्हातारे तिच्या बांधावर जमायचे, गाणं धरायचे आणि ओळीनं आत शिरायचे. दुपार कलेपर्यंत शेतात नावाला नर उरायचा नाही. मग मापुलेंगच्या हातची ज्वारीची दारू. दुसऱ्या दिवशी पुढचं शेत.

हे असं एका फेरीत उरकायचं ते तिच्या बियामुळे. तिच्या बियाची झाडं नर की मादी ते एकाच आठवड्यात दाखवायची, एका उंचीची व्हायची आणि पहिलं दंव पडायच्या आत एकदमच पिकायची. आजूबाजूच्या गावांत लोक महिना-महिना डोळे फोडून नर हुडकत बसायचे. एक नर सुटला की भोवतालच्या माद्यांत दाणा भरतो आणि मालाची माती होते. ज्या घरात दोनच हात आहेत तिथं महिनाभर शेत राखायचं कुणी? इर्जिक एक दिवस येते, रोज येत नाही. म्हणून मापुलेंगचं बी हे गावाचं नशीब आहे, असं म्हातारा ताउसुद्धा मान्य करायचा, आणि ताउ सहसा सूर्य उगवला हेही मान्य करत नसे.

त्या वर्षी इर्जिक झाली, गाणी झाली, दारू झाली. आठवड्यानं मापुलेंग शेतात गेली तर पुन्हा नर. तिला वाटलं, गप्पांच्या नादात बायांच्या नजरेतून सुटले असतील. तिनं ते उपटले. थोड्या दिवसांनी पुन्हा गेली तर अजून होते, आणि आता तिला दुसरंही दिसायला लागलं. एक झाड कमरेला, त्याच्या शेजारचं डोक्याच्या वर. एकाला तुरा धरतोय, दुसरं अजून पाळण्यात.

"काय गं मापुलेंग," ताउ बांधावरून म्हणाला, "यंदा बी पेरलंस का वऱ्हाड? एक लांब, एक बुटकं, आणि निम्मे अजून यायचेच आहेत."

बाया हसल्या. मापुलेंगही हसली. पण हसू चारच दिवस टिकलं, कारण चार दिवसांत प्रत्येकीच्या शेतात वऱ्हाड उतरलं. मग ताउच्या विनोदाला कुणी हसेना. पाणवठ्यावर मापुलेंग आली की बोलणं बंद व्हायचं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात ते काही खोटं नाही. कालपर्यंत जिच्या घरातलं मूठभर बी डोक्याला लावून घेत होते, तिच्या पाठीमागं आता "म्हातारी झाली, नजर गेली" असं सुरू झालं.

गावप्रमुख बाईंनी सभा बोलावली. फार बोलणाऱ्या नव्हत्या त्या.

"मापुलेंग, काय झालं?"

"हात माझाच चुकला असेल, बाई."

"असेल म्हणजे काय? असेल यानं इर्जिक चालत नाही. शोधून काढ."

शोधायचं काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिचं बी जोडीचं होतं. एक आईचं वाण, एक बापाचं. आईचं वाण खालच्या खोऱ्यातलं, भरगच्च तुऱ्याचं, पण आळशी. एकटं पेरलं तर दंव येऊन जातं तरी पिकत नाही. बापाचं वाण डोंगरावरचं, खुरटं, दिसायला दरिद्री, पण थंडीची चाहूल लागायच्या आत पिकून मोकळं होणारं. आईची सगळी झाडं एकसारखी, बापाची सगळी एकसारखी, म्हणून दोघांची लेकरंही एकसारखी. त्या लेकरांचं बी मात्र पुढं धरता येत नाही, ते चार वाटांनी जातं. दरवर्षी पुन्हा आई-बापांना भेटवावं लागतं. आणि दोघांपैकी एकात जरी भेसळ शिरली तरी खेळ खलास.

ते बापाचं झाड तिच्या नवऱ्याला सापडलं होतं. सेलो तेव्हा वरच्या कुरणात गुरं राखायचा. एका वर्षी बर्फ लवकर पडलं, सगळं काळं झालं, आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून एक झाड मात्र पिकून, वाळून, शहाण्यासारखं उभं. त्यानं मूठभर बी बायकोला आणून दिलं, चेष्टेनं. "घे, तुझ्यासारखंच आहे, बुटकं आणि घाईचं." मापुलेंगनं चेष्टा मनावर घेतली. वर्षानुवर्षं त्यातलं वेगळं दिसलं की उपटायचं, घाईचं तेवढंच ठेवायचं, असं करत तिनं ते वाण एकजीव केलं. मग आईशी जोडलं.

सेलो गेला तेव्हा दिरांनी शेतावर डोळा ठेवला. विधवेला कशाला एवढं, मुलगी तर लग्न होऊन गेलेली. तेव्हा मोसा उभी राहिली. मोसा म्हणजे सेलोची धाकटी बहीण, मापुलेंगची नणंद, वर लिथाबेंगला दिलेली. भर सभेत म्हणाली, "माझ्या भावाची बायको या शेतातून हलणार नाही. हलवायचीच तर आधी मला हलवा." मोसाच्या तोंडाला लागायची दिरांची टाप नव्हती. सुतक फिटल्यावर मापुलेंगचे काळे कपडे मोसानंच आपल्या हातानं उतरवले आणि तिच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं. नणंद-भावजय सोडा, सख्ख्या बहिणींत असं प्रेम बघायला मिळत नाही.

त्याच दिवशी मापुलेंगनं बापाचं सगळं बी तिच्या पदरात घातलं. दोन्ही वाणं एका खोऱ्यात राहिली की पराग उडून एकमेकांत मिसळतात. मोसाचं गाव डोंगरापलीकडे, वर. बाप तिनं सांभाळायचा, दर फेब्रुवारीत त्याच्या फुललेल्या फांद्या ओल्या घोंगड्यात गुंडाळून खिंडीतून खाली आणायच्या. मापुलेंगनं आई घरामागच्या बिनछताच्या दगडी गोठ्यात भिंतीआड ठेवायची. एकीकडे दोन्ही कधीच ठेवायची नाहीत.

"माफिसा दिलं हं तुला," मापुलेंग म्हणाली होती.

माफिसा म्हणजे गाय आपली, गोठा दुसऱ्याचा. दूध त्यानं प्यावं, शेण त्यानं घ्यावं, मालकानं मागितली की गाय परत करावी. आणि मेलीच, तर कातडं आणून मालकाला दाखवावं. कातडं नाही, तर गाय मेली नाही. विकली किंवा खाल्ली.

"मेलं तर कातडं आणून देईन, वहिनी," मोसा हसत म्हणाली होती. दोघी खूप हसल्या होत्या, सुतकानंतरचं पहिलं हसू.

सभेनंतर मापुलेंग आधी आपल्याच गोठ्यात गेली. आईची झाडं तिथं उभी होती, सगळी सारखी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. मग ती शेतात जाऊन बसली आणि एकेका झाडाचं पान उलटून बघायला लागली. बापाची एक खूण होती. पानाचा देठ लालसर. आईचा हिरवा. पण लेकरांत बापाचीच खूण उतरायची, प्रत्येकात, कधी चुकायची नाही. आता ती बघते तर एकाचा देठ लाल, दुसऱ्याचा हिरवा, तिसऱ्याचाही हिरवा. म्हणजे आई चोख होती. भेसळ बापाकडून आली होती.

तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल? संशय? छे. तिला काळजी वाटली. मोसावर काहीतरी संकट आलंय आणि बिचारीनं सांगितलं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं ज्वारीची भाकर भाजली, वाळवलेल्या पीचच्या फोडी बांधल्या, ताउचं तट्टू मागून घेतलं आणि जुन्या वाटेनं खिंड चढून गेली.

मोसानं तिला दारातच मिठी मारली. बसवलं, आंबवलेली पेज दिली, पाय चेपायला घेतले. "वहिनी, एवढी चढण या वयात. निरोप धाडायचास, मी आले असते."

"बापाला काय झालं मोसा?" मापुलेंगनं विचारलं. तिला आडवळणानं बोलता येत नसे.

मोसाचे हात थांबले. मग तिचे डोळे भरून आले. मागच्या उन्हाळ्यात गारा झाल्या, म्हणाली. अंड्याएवढ्या. सगळं झोडपून गेलं, एक काडी उभी राहिली नाही. "तुला तोंड कसं दाखवू? दादाची आठवण होती गं ती. मग कुरणातले जे नर उभे दिसले ते आणले तुला. म्हटलं, डोंगरावरचेच आहेत, चालून जातील. चुकलं माझं."

आणि मापुलेंगनं काय करावं? तिनं नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं. "रडू नकोस," म्हणाली. "गारांपुढे कुणाचं चालतं? सांगायचं होतंस फक्त. गावाला मी बघते." आपलं नाक कापलं गेलंय हे विसरून ती दुसरीचं नाक पुसत बसली.

निघताना तिला जुनी चेष्टा आठवली. "काय गं, कातडं ठेवलंयस का? एखादं खोड, एखादं मूळ? दाखवलंस तर सभेत सांगायला बरं."

"सगळं मातीत गेलं, वहिनी," मोसा घाईनं म्हणाली. "आणि हे बघ, आलीस तशी जुन्याच वाटेनं जा. नव्या रस्त्यावर कंपनीच्या गाड्या फार. तट्टू बुजतं."

जुन्या वाटेनंच निघाली होती ती. पण खिंडीखाली ओढा फुगलेला, तट्टू पाण्यात पाय घालेना, तेव्हा झक मारत मागं वळून नवा रस्ता धरला. वाटेत कंपनीची काचघरं लागतात. सरकारी परवाना काढून औषधाचा गांजा पिकवणारी ही कंपनी दोन-तीन वर्षांपूर्वी तिथं येऊन बसली होती. मोठं तारेचं कुंपण, आत लांबच लांब फळ्यांवर उन्हाला ठेवलेली रोपं.

मापुलेंगला रोपं दिसली की थांबायची सवय. ती तट्टावरून उतरली आणि कुंपणाला नाक लावून उभी राहिली. एका उंचीची रोपं, एका चेहऱ्याची, कुणी दोरी धरून छाटल्यासारखी. आणि प्रत्येकाचा देठ लाल. इकडून तिकडं शेवटच्या फळीपर्यंत लाल.

आत कामाला असलेली एक बाई डबा खात सावलीला बसली होती. मापुलेंगनं तिला हाक मारली.

"काय वाण आहे गं हे, पोरी?"

"मोसा," ती बाई म्हणाली.

"कोण मोसा?"

"नावच आहे ते वाणाचं. वरच्या गावातली बाई आहे ना, तिनं शोधलं म्हणतात. तिचंच नाव दिलंय कंपनीनं. आत दारात फोटोपण आहे मोठा, घोंगडं पांघरलेला. दोन वर्षांपासून त्याच बापावर चाललंय सगळं. आमचे साहेब म्हणतात, दुसरीकडे कुठं तो बाप उरता कामा नये, ही अटच होती."

"गारा झाल्या होत्या का गं तिकडं, मागच्या उन्हाळ्यात?"

"गारा?" ती बाई हसली. "मागच्या उन्हाळ्यात तर पाण्याचे वांधे होते, मावशी."

मापुलेंग तिथंच रस्त्याकडेला बसली. राग नंतर आला. आधी लाज वाटली. थोड्या वेळापूर्वी हिचंच डोकं मांडीवर घेऊन आपण थोपटत होतो, हिचेच डोळे पुसत होतो, आणि ही आतून काय म्हणत असेल? केसानं गळा कापला म्हणतात तो असा. ज्या हातानं काळे कपडे उतरवले त्याच हातानं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाली असती. कुंपणानंच शेत खाल्लं तर बोंब मारायची कुणाच्या नावानं? शेवटी ती उठली. मग तट्टाचा लगाम धरून चालतच घरी आली.

सभेत तिनं घडलं ते सांगितलं, जसंच्या तसं, मीठमसाला न लावता. प्रमुखबाईंनी लिथाबेंगला माणूस धाडला. येताना कातडं घेऊन ये, एवढाच निरोप.

मोसा आली ती कंपनीच्या गाडीतून. बरोबर एक पोतं. तिनं ते सभेच्या मधोमध उतरवून घेतलं आणि मापुलेंगकडे न बघता उभी राहिली.

"कातडं कुठाय मोसा?" प्रमुखबाईंनी विचारलं.

"मेलंच नाही तर कातडं कुठून आणू? जिवंत आहे ते."

"मग वहिनीला गारांचं खोटं का सांगितलंस?"

मोसानं मान खाली घातली. मापुलेंग उठली. "मोसा, तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं. अर्धं नाही, सगळं दिलं असतं. मला फसवलंस ते फसवलंस, या बायांनी काय केलं होतं? त्यांच्या पोटावर का पाय दिलास?"

आता मोसानं मान वर केली. "दिलं असतंस? काय दिलं असतंस, वहिनी? नाव दिलं असतंस? इतकी वर्षं खिंड ओलांडून बाप कुणी आणला? घोंगडं ओलं ठेवायचं म्हणून डोंगरवाऱ्यात कुडकुडत कोण आलं? आणि गावात काय म्हणतात? मापुलेंगचं बी. इर्जिकीचा पहिला हात मापुलेंगच्या शेतात. एकदा, एकदा तरी इथं कुणी म्हणालंय, मोसाचं बी?"

कुणीच कधी म्हटलं नव्हतं.

"मला सांगायचंस," मापुलेंग म्हणाली.

"मान काय मागून घ्यायचा असतो? त्यांनी न मागता दिला."

"माफिसा होतं ते माझं."

"तुझं?" मोसा हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "झाड सापडलं माझ्या भावाला. आमच्या बापजाद्यांच्या कुरणात. मी त्या रक्ताची आहे. तू गुरं देऊन आणलेली सून. आमच्या घरचं मला माफिसा देणारी तू कोण? उलट आमचं तू राखत होतीस, असं म्हण."

सभेत कुजबुज झाली. ताउ जमिनीवर थुंकला. पण मापुलेंगला त्यातलं काही ऐकू आलं नाही. 'माझ्या भावाची बायको या शेतातून हलणार नाही' म्हणणारं तेच तोंड होतं ते. तिनं तेवढं तोंड बघितलं आणि खाली बसली.

मोसा पोत्याकडे वळली. "भांडायला नाही आले मी. गावाचं नुकसान झालं ते भरून द्यायला आले. हे बी घ्या. तुमचं पहिलं होतं त्याहून चोख. एका दिवसात नर दिसतील, एका दिवसात पिकेल, आणि माल कंपनी नेईल, परवान्याचा, चोरून विकायला नको. दरवर्षी मिळेल."

मग जे झालं त्यात कुणा एकाला दोष देता येत नाही, आणि हेच तर त्यातलं वाईट. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वर्षाचं पीक गेलं होतं. घरात पोरं होती. प्रमुखबाईंनी कपाळ चोळलं.

"नका घेऊ," मापुलेंग बसल्या जागेवरून म्हणाली. "याचं बी धरता येणार नाही तुम्हाला. दरवर्षी त्यांच्या दारात उभं राहावं लागेल. त्यांनी उद्या नाही म्हटलं तर?"

ताउ तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. आज त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "राग मानू नकोस, मापुलेंग. तुझं तरी कुठं धरता येत होतं? दरवर्षी तुझ्याच दारात उभं राहायचो ना आम्ही. दार बदललं, एवढंच."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांदेखत बाया ओंजळी पुढे करून पोत्याशी उभ्या राहिल्या. पहिल्या दोघी-तिघींनी तिची नजर चुकवली. नंतरच्यांना तेवढंही वाटलं नाही.

मापुलेंगनं हात टेकले नाहीत. त्या फसलेल्या पिकातली लाल देठाची, सगळ्यांत घाईची झाडं तिनं हेरली आणि त्यांचं बी धरलं. कुरणातल्या त्या नरांत बापाच्या जातीचे काही होतेच, त्यांच्या लेकरांतून बाप पुन्हा वेगळा काढायचा होता. पहिल्यांदा जमलं होतं तसंच, भेसळ उपटत, घाईचं राखत. किती उन्हाळे लागतील ते तिला माहीत होतं आणि आपल्या गुडघ्यांत किती उन्हाळे उरलेत तेही साधारण माहीत होतं. पुढच्या हंगामात तिनं बी साठवलेला वाळका भोपळा फोडला, आईचं शेवटच्या दाण्यापर्यंत पेरलं, हे लाल देठाचंही सगळं पेरलं. थोड्या झाडांतून निवड होत नाही, गर्दी लागते. दुसरी जागा नव्हती, म्हणून मधे आडोसा घालून दगडी गोठा दोन्हींनी गच्च भरला. सकाळ-संध्याकाळ ती तिथंच असायची, वाकून देठ बघत. शेतात मात्र तिनंही मोसाचं बी पेरलं होतं. नसतं पेरलं तर तिचं शेत गावाबरोबर पिकलं नसतं, आणि जे गावाबरोबर पिकत नाही तिथं इर्जिक येत नाही.

जानेवारी लागला तशा प्रमुखबाई तिच्या घरी आल्या. बसल्या. बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या.

"गोठ्यातल्या झाडांचं बोलायचं होतं," शेवटी म्हणाल्या. "त्यात नर आहेत ना गं."

"वाण राखायचं तर नर लागतातच, बाई. आजवर ठेवतच होते की. भिंतीआड."

"तेव्हा त्यातून आमचं बी निघायचं, म्हणून कुणी बोललं नाही. आता कशासाठी धोका घ्यायचा? पराग उडाला आणि गावाच्या पिकात दाणा भरला तर कंपनी माल उचलणार नाही. बायांनी माझ्याकडे येऊन सांगितलंय. मोसाचाही निरोप आहे."

"मला काही वर्षं द्या."

"माझ्या हातात असतं तर दिली असती." बाई उठल्या. दारात थांबल्या. "असं कर, तूच इर्जिक बोलाव. सगळे येतील. दरवर्षीसारखी तुझ्यापासूनच सुरुवात होऊ दे. तुझा मान राहील."

मान राहील. मापुलेंग त्या रात्रभर ज्वारी भिजत घालत होती, आणि तेच दोन शब्द चावत होती.

इर्जिकीच्या दिवशी सगळ्या आल्या. घोंगडी कमरेला खोचून, गाणं धरून, ओळीनं, पण शेतात नाही, घरामागच्या गोठ्यात. गाणं नेहमीचंच होतं. सुरुवातीला आवाज दबलेले होते, मग हात चालायला लागले तसे मोकळे झाले; कामाला लागलेल्या माणसाला फार वेळ वाईट वाटून घेता येत नाही. नर-मादी बघत कुणी बसलं नाही; आईची झाडं मुळासकट निघाली. लाल देठाची लहान-मोठी सगळी निघाली. ताउनंसुद्धा दोन उपटली आणि कमरेला हात लावून बाजूला झाला. ऊन वर यायच्या आत गोठ्यात नुसती भुसभुशीत माती राहिली.

मोसाही आली होती. गावात कंपनीचं पीक होतं, ते बघायला तिला यावंच लागायचं. नव्या रंगाचं घोंगडं पांघरून ती भिंतीपाशी उभी होती, आत आली नाही.

मापुलेंगनं उपटलेल्या झाडांतली आईची तेवढी वेचून काढली. माती झटकली, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला केले आणि पिळलेल्या गवताच्या वेठानं मोळी बांधली. घट्ट, नीट, बाजारात न्यायची असावी तशी. तिला मदत करायला कुणी पुढं आलं नाही. गाणं आपोआप थांबलं होतं.

ती मोळी उचलून मोसासमोर आली.

"सभेत तू म्हणालीस, सगळं तुमच्याच घरचं. मी नुसतं राखत होते."

"वहिनी, आता कशाला ते."

"नाही, बरोबर बोललीस. मग रीत मला पाळली पाहिजे." तिनं मोळी दोन्ही हातांनी पुढं धरली. "तुमचं माफिसा मेलं माझ्याकडे. हे कातडं. बघून घे."

मोसानं इकडंतिकडं बघितलं. सगळं गाव उभं होतं, आणि राखणाऱ्यानं कातडं आणलं की मालकानं ते हातात घ्यावं लागतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. तिनं हात पुढं केले. मोळी जड होती, मुळांना ओली माती होती. ती नव्या घोंगड्यावर सांडली तरी मोसाला झटकता येईना, कारण दोन्ही हात अडकले होते. "वहिनी," ती म्हणाली.

मापुलेंग थांबली नाही. दारू गाळायची राहिली होती आणि माणसं सकाळपासून तहानलेली होती. तिनं वाळक्या भोपळ्याचा पहिला वाडगा भरला आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांत थोरल्या माणसाला, म्हणजे ताउला दिला. ताउनं तो हातात धरला, तोंडाला लावला नाही.

"पी की," मापुलेंग म्हणाली. "उद्या पुढच्या शेतात जायचंय ना तुम्हाला."